बुजवलेला छेद

लोटू पाटलाने उभ्या जन्मात चालू मशीन बंद केलं नव्हतं आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. उधन्यातल्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, तिथले माग हवेवर चालायचे. आडवा धागा हवेच्या झोताने या कडेपासून त्या कडेपर्यंत फेकला जायचा. नळीत कुठे जराशी गळती झाली की झोत ढिला पडायचा आणि कापडात खोट यायची. अशा वेळी काय करायचं ते पुस्तकात छान लिहिलेलं असतं: मशीन थांबवा, हवा सोडून द्या, मग पाना लावा. पण पुस्तक लिहिणाऱ्याला माग चालवणाऱ्या कारागिराच्या शिव्या खाव्या लागत नाहीत. मागावरचं सलग ठाण, ज्याला सगळे ताका म्हणतात, पुरं उतरेपर्यंत मशीन थांबवायचं नाही हा तिथला धर्म. मध्येच थांबवलं की कापडावर आडवी रेघ उमटते आणि ती धुऊन जात नाही. म्हणून लोटू चालू मशीनवरच गळती बुजवायचा.

गळती शोधायची त्याची रीत बघायला नवे लोक जमायचे. मागांच्या त्या धडधडाटात हवेची शिट्टी कोणाला ऐकू येणार? त्यात लोटूचा उजवा कान त्याच धडधडाटाने केव्हाच खाल्ला होता. तो वरचा ओठ जिभेने ओला करायचा आणि नळीवरून चेहरा हळूहळू फिरवायचा, देवाला नमस्कार करावा तसा वाकून. जिथे ओठ गार पडला तिथे गळती. मग टेप, सफेदा, एमसील, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जे हाताशी असेल ते लावून छेद बंद. हवा जिथून पळते ती वाट बुजवायची, एवढंच त्याचं शास्त्र. या शास्त्रावर त्याने लिंबायतमध्ये दोन खोल्या बांधल्या, संसार केला आणि एकुलत्या एका पोराला, योगेशला, कॉलेजात घातलं.

पुढे मालकाने माग विकून टाकले आणि लोटू घरी बसला. पन्नाशीतला माणूस घरी बसला की घरातल्या प्रत्येक नळाची, प्रत्येक कडीची दुरुस्ती होते आणि बायकोचं डोकं उठतं. शोभाबाई तर देवाला म्हणायची की ह्यांना कुठेतरी चिकटव. शेवटी चंचलने काम आणलं. चंचल बमरोलीची, शोभाबाईच्या मावसबहिणीची मुलगी, बोलायला चुरचुरीत. डुमसच्या वाटेवर पेंटबॉलचं एक मैदान होतं, तिथे ती पंच होती. मैदानाचे मालक धर्मेंद्रभाई यांना हवेच्या कामातला माणूस पाहिजे होता.

मैदान म्हणजे पत्र्याची पिंपं, टायरांच्या भिंती, जुन्या बसचा एक सांगाडा आणि चहूबाजूंनी जाळी. तिथे चांगली शिकलीसवरली माणसं तोंडावर मास्क चढवून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत. पहिल्या दिवशी लोटूला हसू आवरेना. पण बंदूक हातात घेतल्यावर त्याचं हसू थांबलं, कारण आतलं सगळं त्याच्या ओळखीचं निघालं. तीच हवा, त्याच झडपा, तसल्याच रबरी रिंगा. चंचल मात्र त्याला दटावायची, "काका, मार्कर म्हणा. बंदूक म्हटलं की बायाबापड्या तिकीट काढत नाहीत." लोटू मान डोलवायचा आणि बंदूकच म्हणायचा.

बंदुकीखाली हवेची बाटली असते. तिच्यातला दाब एवढा की तो सरळ गोळीमागे सोडला तर खेळ राहणार नाही. म्हणून मध्ये मुठीएवढा रेग्युलेटर बसवलेला असतो. बाटलीतून येणारी हवा तो अडवतो आणि बेताने पुढे सोडतो. मग गोळी लागते, चुरचुरते, रंग फुटतो, फार तर निळा डाग दोन दिवस राहतो. डोळ्यांची गोष्ट वेगळी. म्हणून मैदानात मास्क काढायचा नाही, आणि कोणी बिनमास्कचा आत शिरलाच तर पंचाने लांब शिट्टी मारून खेळ थांबवायचा. चंचल हा नियम प्रत्येक खेळाआधी घसा फोडून सांगायची आणि निम्मे लोक तेव्हा फोटो काढत असायचे.

त्या आठवड्यात दोन रेग्युलेटर गळायला लागले. दोन्हींच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढा एक छेद होता आणि त्यातूनच हवा फुसफुसत होती. आतल्या दट्ट्यावरची रिंग झिजली होती हे लोटूने उघडून पाहिलं. नवी रिंग दिल्लीहून यायची होती आणि ती येण्याचं नाव घेत नव्हती. लोटूने कारखान्यातून निघताना खिशात घातलेल्या रिंगांमधली एक काढली. मापाला जवळपास सारखी, जाडीला किंचित कमी. ती एका रेग्युलेटरमध्ये बसवली, हवा सोडली, ओला ओठ छेदापाशी नेला. ओठ गार पडलाच, पण पूर्वीपेक्षा कमी. मग त्याने जन्मभर जे केलं तेच केलं. चिमूटभर एमसील मळलं, छेदात दाबलं, वरून काळं पॉलिश घासलं. धर्मेंद्रभाईंना ठिगळ दिसलेलं आवडत नसे.

सकाळी चंचलने तो रेग्युलेटर बसवलेली बंदूक वेगमापक यंत्रासमोर धरून पटापट गोळ्या झाडल्या. आकडा हद्दीच्या आत आला. "काका, मक्खन," ती म्हणाली. लोटूला बरं वाटलं. सगळ्या बंदुकांमध्ये तीच आता सर्वांत मुकी होती, फुस नाही की फास नाही.

ती त्याने योगेशसाठी बाजूला ठेवली.

आता योगेशचं सांगायला हवं. योगेश एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात लागला होता आणि त्या दिवशी त्याचं अख्खं ऑफिस या मैदानावर येणार होतं. आदल्या संध्याकाळी जेवताना त्याने ताटात बघत घरच्या अहिराणीत विषय काढला.

"बाबा, तठे माले वळख दखाडू नका. आफिसमा मी सांगेल शे का मना बाबा मिलमा सुपरवायझर शेतस."

शोभाबाईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. "बापनी लाज वाटस का रे तुले?"

"तसं नही शे माय. फक्त एक दिननी गोष्ट शे."

"राहू दे वं," लोटू म्हणाला. "मी काय तठे त्याले हाक माराले जाणार शे?"

त्याने भाकरी मोडली आणि जेवला. त्याला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. पण पोराला आपण हाताने मोठ्या जागी बसवलं, तर तिथल्या लोकांपुढे त्याला मान खाली घालायला लावू नये, असंही त्याला वाटत होतं. आणि ओळख दाखवायची नाही म्हणून काही करायचंच नाही असं थोडंच आहे? चांगली बंदूक तर देता येतेच की. सकाळी ऑफिसची मंडळी आली, खिडकीपुढे रांग लागली. योगेशची पाळी आली तेव्हा लोटूने बाजूची ती बंदूक उचलून त्याच्या हातात दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. योगेशने परक्या माणसाला म्हणावं तसं "थँक यू" म्हटलं. लोटूने खिडकीतून त्याचे नवे पांढरे बूट तेवढे पाहून घेतले.

खेळ सुरू झाला. स्पीकरवर गरब्याची गाणी दणाणायला लागली. लोटू आपल्या पत्र्याच्या खोलीत दुसरा रेग्युलेटर घेऊन बसला. याचाही छेद त्याने सकाळीच बुजवला होता आणि एमसील आता दगड झालं होतं. त्याने तो बाटलीला जोडला, पुढे दाबाचा काटा लावला, हवा सोडली. काटा बरोबर जागेवर येऊन थांबला. ओठाला गार लागलं नाही. लोटू खूश झाला आणि थर्मासमधला चहा कपात ओतायला वळला.

चहा पिऊन परत पाहिलं तर काटा जागेवर नव्हता.

तो पुढे सरकला होता. फार नाही, बोटभर. लोटूने काचेवर टिचकी मारली. कधी कधी काटा अडकतो. टिचकी मारल्यावर काटा आणखी एक घर पुढे गेला आणि तिथे न थांबता तसाच पुढे चालत राहिला, सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखा. लोटू पाहत बसला.  हवा तर बाहेर कुठेच जात नव्हती. मग दाब वाढतो कसा?

त्याने टाचणी घेतली आणि छेदातलं एमसील टोकरलं. खपली उडाली, फुस्स करून हवा निघाली आणि काटा मुकाट्याने मागे येऊन मूळ जागी उभा राहिला. त्याने बोट ओलं करून छेदावर घट्ट दाबलं. काटा पुन्हा चढायला लागला. बोट काढलं, काटा उतरला.

आता त्याला कळलं. तो छेद बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवला होता. रिंग झिजून थोडी हवा दट्ट्याच्या मागे आलीच, तर तिला निघून जायला वाट असावी म्हणून. ती वाट लोटूने बंद केली होती. मग हवा मागेच साठत जाते, दट्ट्याला मागून रेटते आणि बाटलीची झडप मिटूच देत नाही. रेग्युलेटर नावाला उरतो. पटापट गोळ्या झाडल्या तर दाब उतरत राहतो, म्हणून सकाळी चंचलच्या आकड्यात काही आलं नाही. पण बंदूक हातात धरून कोणी गप्प बसून राहिला, तर जितका वेळ तो बसेल तितकी पुढची गोळी जबर होत जाणार.

लोटूने खोलीच्या दारातून मैदानाकडे पाहिलं. योगेशला लहानपणापासून लपाछपीत कोणी शोधू शकलं नव्हतं. गल्लीतली सगळी पोरं सापडायची आणि हा कुठल्यातरी टपरीमागे श्वास रोखून बसून असायचा.

खरं सांगायचं तर लोटू लगेच धावला नाही. तो पुन्हा स्टुलावर बसला. त्याच्या मनात आलं, अर्धा खेळ तर झालाच आहे. संपू दे. संपला की बंदूक हळूच मागून घेऊ, छेद मोकळा करू, कोणाला काही कळायचं नाही. इतकी वर्षं ताका उतरेपर्यंत थांबायची सवय लागलेला माणूस दुसरं काय म्हणणार? त्यात पोराचं ऑफिस, पोराचा साहेब, पोराने घातलेली अट. त्याने बोट पुन्हा त्या छेदावर ठेवलं, नुसतं बघायला की काटा कुठपर्यंत जातो. काटा गेला, लाल पट्ट्यात शिरला आणि काचेच्या टोकाला जाऊन टेकला.

मग मात्र तो उठला.

दारातच धर्मेंद्रभाई भेटले, हातात मोबाइल, मैदानाचे फोटो काढत होते. लोटूने त्यांना धरून सांगितलं की खेळ थांबवा, एक बंदूक बिघडली आहे.

"चालु गेममां अंदर नथी जवानुं, लोटूभाई," धर्मेंद्रभाई म्हणाले. चालू खेळात आत जायचं नाही, हा त्यांचा कायदा. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक खेळत असताना त्याला दुसरं काही दिसत नसे. "सुबह चेक हुआ ना? अभी खतम हो जाएगा."

"सुबह का चेक गलत था, शेठ."

"अरे, पार्टी नाराज हो जाएगी. मॅनेजर खुद खेल रहा है."

लोटूने जाळीतून पाहिलं. चंचल पलीकडच्या टोकाला मचाणावर उभी होती. त्याने हात हलवले, ओरडला. गरबा त्याच्या आवाजावरून बिनधास्त वाहत गेला. तिच्यापर्यंत जायला मैदानाला वळसा घालावा लागला असता, आणि तेवढ्या वेळात योगेश कुठेतरी बोट घोड्यावर ठेवून बसलेला असणार. लोटूने जाळीचं दार उघडलं आणि तसाच, उघड्या तोंडाने, आत शिरला.

पहिली गोळी त्याच्या खांद्यावर फुटली, दुसरी पोटावर. चुरचुरलं. त्याने एका हाताने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बुटांकडे बघत चालायला लागला. काळे बूट, निळे बूट, चपला घालून आलेला एक हुशार. पांढरे कुठेच दिसेनात. टायरांच्या भिंतीमागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, "अंकल, मरना है क्या?" तेवढ्यात चंचलला तो दिसला. तिने लांब शिट्टी मारली, एकदा, दोनदा, मग मारतच राहिली. कोणीतरी गाणं बंद केलं.

एकेक जण उभा राहिला. बंदुका खाली झाल्या. लोटूच्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी त्याने बसच्या सांगाड्यापाशी पाहिलं.

तिथे एक थुलथुलीत माणूस अर्धा पाठमोरा उभा होता. खेळ संपला असं समजून त्याने मास्क कपाळावर चढवला होता आणि रुमालाने डोळे पुसत होता. हे योगेशचे साहेब, नितीनभाई. शिट्टीवर मास्क काढू नका, नुसतं थांबा, हे सकाळी सांगितलं तेव्हा तेही फोटोतच होते. आणि त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर, दोन पिंपांच्या फटीतून बंदुकीची नळी बाहेर आली होती. नळीच्या खाली पांढरे बूट दिसत होते.

योगेशने शिट्टी ऐकली नव्हती, की ऐकूनही साहेबांच्या पाठीवर एक शेवटची मारायचा मोह त्याला सुटत नव्हता, देव जाणे. नळी स्थिर होती. नितीनभाईंना अगदी मागून पाहणाऱ्या योगेशला मास्कची पट्टी डोक्यावर दिसत होती. समोर डोळे उघडे आहेत हे कळायला वाव नव्हता. ते आता वळणार होते. कोणीही वळलंच असतं, कारण लोटू आता त्यांच्या पाठच्या बाजूने पळत सुटला होता आणि त्याच्या पायांचा आवाज होत होता.

लोटू पाच-सहा पावलांवर जागच्या जागी थांबला. पळत गेलो तर साहेब वळतील. शिट्टी सगळ्यांसाठी असते, त्याने योगेश ऐकणार नाही. हाक मारायला हवी होती, आणि नेमकी हाकच मारायची नव्हती.

"योगेश," त्याने आवाज टाकला, "खाले ठेव ती बंदूक!"

मैदानभर सगळ्यांनी ऐकलं. कोण योगेश, कोणाला अहिराणीत हुकूम करतोय हा म्हातारा, अशा माना फिरल्या. नळी हलली नाही. मास्कच्या आत पोराचा चेहरा कसा झाला असेल ते लोटूला बाहेरून दिसत होतं. पोरगा ऐकत होता. ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. साहेबांचा डावा खांदा वळायला लागला.

 दुसऱ्यांदा लोटू ओरडला नाही. योगेश लहानपणी तापाने फणफणायचा तेव्हा त्याच्या उशाशी बसून, लाडाने भाऊ म्हणत, ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुले तुनी मायनी आन शे. बोट काढ."

घोड्यावरचं बोट बाजूला झालं. नळी खाली गेली, जमिनीला टेकली.

"हा, बाबा," योगेश म्हणाला.

साहेब वळले तेव्हा त्यांच्यासमोर पिंपांमागून उठणारा योगेश होता, मास्क घातलेला, दोन्ही हात वर केलेले. लोटूने पुढे होऊन ती बंदूक उचलली, नळी कोणाच्याही दिशेला जाणार नाही अशी धरली. 

"कौन है ये?" नितीनभाईंनी विचारलं. "योगेश, ये तेरे पप्पा है?"

"मी इथला फिटर," लोटूने घाईघाईने मध्ये तोंड घातलं. अजूनही त्याला वाटत होतं की सावरता येईल.

धर्मेंद्रभाई तावातावाने आत आले.  मैदानाच्या कडेला गोळ्यांचा नेम तपासायला जुना फ्लेक्सचा बॅनर ताणून बांधलेला होता. वर्षभर त्याच्यावर गोळ्या फुटून तो रंगाने थबथबलेला होता, पण कुठे फाटला नव्हता. लोटूने सगळ्यांना मागे सारलं, बंदूक धरली आणि एक गोळी झाडली. आवाजच वेगळा आला. बॅनरला आरपार भोक पडलं आणि त्याच्या कडा मागच्या बाजूला उलटल्या.

 नितीनभाईंचा हात आपोआप डोळ्यावर गेला. रुमाल अजून त्यांच्या मुठीतच होता.

"किसने किया?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"मी," लोटू म्हणाला. "यात एक छेद होता. तो मी बुजवला. बुजवायचा नव्हता."

पुढे जे व्हायचं ते झालं. नितीनभाई धर्मेंद्रभाईंना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. ऑफिसची मंडळी नाश्त्याची पाकिटं न उघडता गाडीत जाऊन बसली. चंचल मचाणावरून उतरून आली आणि लोटूशेजारी नुसती उभी राहिली. सकाळचा आकडा तिने पास केला होता, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. धर्मेंद्रभाईंनी येऊन दुरुस्तीच्या खोलीची किल्ली मागितली. "काले आवो, पछी वात करीशुं," एवढंच म्हणाले. उद्या या, मग बोलू, याचा अर्थ काय होतो ते लोटूला कारखाना बंद झाला तेव्हापासून पाठ होतं. तरी किल्ली देण्याआधी त्याने धर्मेंद्रभाईंसमोर त्या बंदुकीच्या रेग्युलेटरमधलंही एमसील टोकरून काढलं आणि टाचणी टेबलावर ठेवली. लाजेने त्याला वर बघवत नव्हतं. माणसाचा डोळा गेला असता, आणि तो आपल्या पोराच्या हातून गेला असता, आणि ती बंदूक आपण निवडून दिली होती. हे तीन विचार त्याला एकामागून एक येत होते आणि परत पहिल्यापासून येत होते.

बाहेर ऑफिसची गाडी निघून गेली होती. योगेश फाटकापाशी बाइकवर बसून होता. पांढऱ्या बुटांवर कोणाचा तरी हिरवा रंग उडाला होता. लोटू जवळ आला तसं त्याने बापाच्या खांद्यावरची पिशवी घेऊन हँडलला अडकवली.

"साहेब काय म्हणना?" लोटूने विचारलं.

"सोमवारी केबिनमा बलायेल शे."

"मी येऊ का त्यास्ले सांगाले? तुनी काही चूक नही व्हती."

योगेशने नकारार्थी मान हलवली. बाइक सुरू करायला हात पुढे नेला आणि तसाच ठेवला. एक ट्रक धुरळा उडवत गेला. लोटूचा चांगला कान त्याच्या बाजूला होता, म्हणून हळू बोललेलंही ऐकू आलं.

"बाबा, पहिली हाक मी ऐकेल व्हती."

"माले माहीत शे."

"ऐकीसन बी बोट तठेच ठेवं मी. लोकेस्ना समोर तुमी मनं नाव ली दिधं म्हणून."

लोटू मागच्या सीटवर बसला. पोराच्या खांद्यावर हात ठेवायला त्याने उचलला होता, तो त्याच्या पाठीवर ठेवला. ज्या जागी साहेबांच्या पाठीवर नेम धरलेला होता, तीच ही जागा. शर्टातून घाम लागत होता.

"मी बी काटा चढताना दखा," तो म्हणाला, "नि पहिले बसेलच ऱ्हायनू."

योगेशने आरशात पाहिलं. बापाच्या खांद्यावर आणि पोटावर रंग वाळला होता. लोटूने दुसरीकडे पाहिलं नाही. बाइक सुरू झाली आणि दोघे लिंबायतच्या दिशेने निघाले. शोभाबाईला काय सांगायचं, हे वाटेत ठरवावं लागलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं की जे झालं तेच सांगावं लागणार.